स्लो जिन, पंच आणि करवंद

'स्लो जिन' हे दोन शब्द देवनागरीत लिहिले की दोन्ही फसवतात. स्लो म्हणजे हळू, हे रस्त्यावरच्या पाट्यांनी सगळ्यांना शिकवलेलं आहे. जिन म्हणजे दिवा घासला की धूर होऊन बाहेर येतो तो. जोडून वाचलं की डोळ्यांसमोर उभा राहतो एक आळशी, डुलत डुलत येणारा जिन. गोव्याला जाऊन आलेल्या माझ्या एका भाच्याने मोबाइलवर मेनूकार्डाचा फोटो दाखवला आणि विचारलं, "मामा, हे घरी करता येईल का?" आमचं घर बमरोलीत. मी म्हटलं, "करता येईल रे, पण पिण्याआधी पोलीस येतील. तोवर आपण शब्द तपासू."

बमरोली म्हणजे उधना आणि पांडेसऱ्याच्या शेजारचं एके काळचं गाव, आता सुरत महानगरपालिकेचा भाग. लूम, डाइंग मिल, साडीचे गठ्ठे, आणि धुळे-नंदुरबार-जळगावकडून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने येऊन इथेच राहिलेली माणसं. इथल्या मराठीत गुजराती शब्द मीठ पडल्यासारखे विरघळलेले असतात. त्यामुळे एखाद्या पेयाचं नाव काढलं, की मराठी, गुजराती, फारसी, अरबी आणि इंग्रजी अशी पाच घरं फिरून यावं लागतं. पाच हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

आधी स्लो. हे युरोपातल्या एका काटेरी झुडपाचं फळ. वनस्पतिशास्त्रातलं नाव प्रूनस स्पिनोसा, म्हणजे काटेरी आलुबुखारा. इंग्रजीत जुनं रूप 'स्लाह' होतं, जर्मनमध्ये 'श्लेह', आणि स्लाव भाषांमधला आलुबुखाऱ्याचा 'स्लिवा' हाही त्याच कुळातला मानतात. त्या स्लिवापासून गाळलेली ब्रँडी ती स्लिवोवित्स. मूळ अर्थ निळसर असा असावा असं भाषापंडित म्हणतात, आणि फळ पाहिलं तर ते पटतं: काळंनिळं, वर पांढरट लव, आकाराने मोठ्या करवंदाएवढं.

मराठीत या फळाला नाव नाही, आणि नसण्यात काही गैर नाही, कारण ते इकडे होत नाही. पण त्याची भावंडं आपल्या घरात फार पूर्वीपासून आहेत. फारसीत 'आलू' म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातीचं फळ. बुखाऱ्याहून आला तो आलुबुखारा. 'जर्द' म्हणजे पिवळा, म्हणून पिवळा आलू तो जर्दाळू. (हिंदीतला बटाट्याचा आलू वेगळा, तो संस्कृत 'आलु' या कंदाचा.) दिवाळीच्या सुक्या मेव्यात जर्दाळू खाताना आपण फारसीतलं एक विशेषण आणि एक नाम खात असतो. कुणाला स्लोला मराठी नाव द्यायचंच असेल तर 'काटेआळू' चालेल, पण लोक ते अळूच्या वडीशी नेऊन जोडतील, म्हणून मी आग्रह धरत नाही.

खरा जोडीदार शोधायचा तर कुळ सोडून स्वभाव पाहावा. काटेरी जाळी, डोंगरउतार, छोटं काळं फळ, कच्चं असताना तोंड आवळून टाकणारं. हे सगळं करवंदाला लागू पडतं. संस्कृत 'करमर्द' मराठीत 'करवंद' झालं आणि गुजरातीत 'करमदुं'. मधल्या 'म'चं आपल्याकडे 'व' झालं, त्यांनी 'म' राखला; शेवटच्या 'र्द'चं आपण 'ंद' केलं, त्यांनी नुसता 'द' ठेवला. सुरतेच्या बाजारात करमदां मागितली तर मिळतात, करवंदं मागितली तर भाजीवाली क्षणभर तोंडाकडे बघते आणि मग तीच टोपली पुढे करते.

आता जिन. दिव्यातल्याशी याचा संबंध नाही, महावीरांच्या 'जिन' या बिरुदाशी तर नाहीच. लॅटिन 'जुनिपेरस' नावाच्या झुडपाचं जुन्या फ्रेंचमध्ये 'जनेव्र' झालं, डच लोकांनी त्याच्या फळांनी वास दिलेल्या दारूला 'येनेव्हर' म्हटलं, इंग्रजांनी ते 'जिनिव्हा' असं ऐकलं, आणि घाईत 'जिन' एवढंच उरलं. स्वित्झर्लंडमधल्या शहराचा यात काही हात नाही. ज्युनिपर आपल्याला परका वाटतो, पण आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात, आणि काष्ठौषधीच्या दुकानात तो हाऊबेर या नावाने मिळतो. ज्या वासासाठी जिन जिन आहे, तो वास आपल्याकडे पोटदुखीच्या औषधात गेला.

औषधाचा हा धागा सोडवत नाही, कारण 'दारू' हा शब्दच औषधाचा आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीतल्या 'दवादारू' या जोडशब्दात तो अजून शुद्ध अवस्थेत सापडतो. तिथे दवाही औषध आणि दारूही औषध, जसं कामधंदा किंवा बाजारहाट. मग तोच शब्द बंदुकीत गेला: दारूगोळा, शोभेची दारू, मुंबईचा दारूखाना. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूला अग्नीचं औषध अशा अर्थाचं नाव आहे, तेव्हा औषध आणि स्फोट यांची ही जवळीक एकट्या फारसीची नाही. आणि तिसरा अर्थ तो, ज्याने बाकीच्या दोघांना जवळपास हाकलून दिलं.

'अर्क' अरबीतून आला. 'अरक' म्हणजे घाम. भट्टीच्या नळीतून थेंब थेंब पडतं ते घामासारखं, म्हणून ते नाव. त्याचं इंग्रजीत 'अरॅक' झालं, गोव्यात काजूच्या पहिल्या धारेला 'उर्राक' म्हणतात तोही हाच. मराठीत मात्र अर्क माणसालाही लावतात, आणि 'तो पक्का अर्क आहे' म्हणताना त्यात घामही नसतो, दारूही नसते, निव्वळ गाळून उरलेला बिलंदरपणा असतो. 'अल्कोहोल'चं तर त्याहून नवल. अरबी 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. बारीक पूड, मग कुठल्याही पदार्थाचं सार, मग वाइनचं सार, असा तो बाटलीपर्यंत पोहोचला.

आणि शराब? अरबीत 'श-र-ब' या धातूचा अर्थ पिणे. त्यातून शराब, त्यातूनच शरबत, त्यातूनच युरोपातलं सिरप आणि शर्बेट. शराब म्हणजे मुळात कुठलंही पेय. आपल्याकडे येता येता दोघांची वाटणी झाली: एक भाऊ तुरुंगात जाण्याचं कारण झाला आणि दुसरा बर्फ घालून दहा-वीस रुपयांत हातगाडीवर विकला जातो. मराठीने शरबताचं 'सरबत' करून त्याला घरात घेतलं. त्याआधी आपल्याकडे 'पानक' होतंच, त्याचं पन्हं झालं.

कायद्याची गोष्टही शब्दांनीच सांगता येते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांचा सामायिक वारसा. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली, गुजरातने बंदी ठेवली, महाराष्ट्राने वर्धा, गडचिरोली यांसारखे जिल्हे सोडून हळूहळू दोर ढिला केला. या ढिलाईत मराठीला 'परमिट रूम' हा शब्द मिळाला. महाराष्ट्राच्या परवान्यात दारू आरोग्य टिकवण्यासाठी प्यायची असं गृहीत धरलेलं असतं. गुजरातमध्येही इथल्या रहिवाशाला परवाना मिळतो तो डॉक्टरी शिफारशीवर, आरोग्याच्या कारणासाठी. म्हणजे फारसी कोशातला पहिला अर्थ दोन राज्यांच्या सरकारी कागदांवर आजही जिवंत आहे. ज्याने कुणी हे कलम लिहिलं त्याला फारसी येत होती असं मी म्हणत नाही, पण आली असती तरी याहून नेमकं लिहिता आलं नसतं.

ताप्तीच्याच मार्गावर नवापूर स्टेशन आहे. ते दोन राज्यांत विभागलेलं आहे: तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. दारूबंदीचे 'दारू' आणि 'बंदी' हे दोन भाग इतक्या स्वच्छपणे अलग झालेले दुसरीकडे पाहायला मिळत नाहीत. गुजराती 'दारूबंधी' म्हणते, 'द'ला 'ध' करून. फारसी 'बंद' आणि संस्कृत 'बंध' हे दोघे दूरचे चुलतभाऊच, तेव्हा तिचं काही चुकलेलं नाही.

हे सगळं असलं तरी मिश्रपेयाच्या इतिहासात सुरतेला मान आहे, आणि तो बंदी येण्याच्या तीनशे वर्षं आधीचा. योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली इराणच्या गोम्ब्रून बंदरातून जहाजाने सुरतेला आला. इथल्या इंग्रजांच्या वखारीत लोक काय पितात ते त्याने लिहून ठेवलं, आणि त्यात एक विचित्र शब्द आहे: 'पालेपुंट्स'. कडक दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. पंधरा वर्षांनी एका फ्रेंच प्रवाशाने तेच पेय 'बोलपोंज' असं लिहिलं आणि शब्द इंग्रजी आहे असं सांगितलं; त्याच्या यादीत जायपत्री आणि भाजलेलं बिस्किटही आहे. बर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासीही पुढे त्याच नावाने तेच सांगतो, वर किसलेलं जायफळ घालून. हे सगळे कान एकाच इंग्रजी बोलीवर लागले होते: 'बोल ऑफ पंच', म्हणजे पंचाचं एक मोठं वाडगं. बाहेरच्यांना तो एकच शब्द वाटला.

पण 'पंच' कुठून आला? याचं उत्तर देणारा पहिला माणूस डॉक्टर जॉन फ्रायर. तो १६७० च्या दशकात सुरतेत आणि मुंबईत होता, १६७५ मध्ये जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं पुस्तक १६९८ मध्ये छापलं गेलं. गोव्याकडच्या नेरूळच्या अरकापासून इंग्रज हे पेय करतात, आणि त्याला हिंदुस्तानी पाच या शब्दावरून नाव पडलं, कारण पाच जिनसा, असं तो सांगतो. अरक, लिंबू, साखर, पाणी, मसाला. पंचामृत घरात असलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती ऐकताच पटते. दूध, दही, तूप, मध, साखर मोजणाऱ्याला पाचाचं वेड नवीन नाही.

शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. सर्वांत जुना इंग्रजी उल्लेख १६३२ चा, पूर्व किनाऱ्यावरच्या पेटापोलीच्या एका व्यापाऱ्याला आलेल्या पत्रातला, आणि त्यात पाचाचा पत्ता नाही. सुरतेच्या यादीत जिनसा चारच. शिवाय त्या काळी इंग्रज हा शब्द 'पुंच' असा काहीसा म्हणत. जर्मनच्या 'पुंट्स'मध्ये आणि फ्रेंचच्या 'पोंज'मध्ये तो स्वर सापडतो. मराठी 'पाच', गुजराती 'पांच' किंवा संस्कृत 'पंच' यांतून 'पुंच' सरळ निघत नाही. म्हणून काही जण 'पंचन' या दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावाकडे बोट दाखवतात. फ्रायर मात्र शब्द लिहितो तो 'पॉंच' असा, आणि तो कान देऊन ऐकणारा माणूस होता. मला तो बरोबर वाटतो. पैज लावायची वेळ आली तर मात्र मी लावणार नाही.

एक मात्र नक्की. हा शब्द हिंदुस्तानच्या किनाऱ्यावरून जगभर गेला, 'फ्रूट पंच' होऊन गोव्याच्या मेनूकार्डावर परत आला, आणि परत येईपर्यंत आपण त्याला ओळखेनासे झालो. मराठीत पंच म्हणजे गावकीतला, क्रिकेटमधला, आणि पंचनाम्यावर सही करणारा. बमरोलीत कुणी रम पंच केला तर पुढचा शब्द पंचनामाच असेल, आणि फ्रायर बरोबर असेल तर दोन्ही शब्दांत मूळचा पाच तोच.

त्यामानाने 'कॉकटेल' पोरगेलासा. त्याची व्युत्पत्ती कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, कोंबड्याच्या शेपटीच्या ज्या गोष्टी सांगतात त्या मागाहून रचलेल्या. छापील व्याख्या सापडते ती १३ मे १८०६ ची, न्यू यॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. वर्तमानपत्राचं नाव 'द बॅलन्स', म्हणजे तराजू. योगायोग आहे, पण घरी पेय करणाऱ्याला याहून चांगली खूण मिळायची नाही.

कारण सगळा प्रश्न तोलाचा आहे. स्लो जिन म्हणजे स्लोची फळं टोचून, साखर घालून, जिनमध्ये दोन-तीन महिने मुरवलेली. ती मुळातच गोड, आणि युरोपातल्या नियमाने तिच्यात अल्कोहोल किमान २५ टक्के असावं लागतं, म्हणजे साध्या जिनपेक्षा बरंच कमी. म्हणून तिचं फिझ, म्हणजे लिंबू, साखर आणि सोडा घातलेलं पेय, करताना नेहमीसारखी साखर घातली की ते खोकल्याचं औषध होतं. लिंबू वाढवलं तर आंबट होतं, पण चव जुळत नाही, कारण फळात आंबट आणि गोडाशिवाय आणखी एक चव आहे. तिच्यासाठी इंग्रजीत रोजचा, स्वयंपाकघरातला शब्द नाही. लॅटिनमधून आणलेला 'ॲस्ट्रिंजंट' डॉक्टरच्या तोंडी शोभतो. मराठीत मात्र लहान मूलही बोलतं: तुरट.

या शब्दावर मी थोडा रेंगाळणार आहे. संस्कृत 'तुवर' म्हणजे तुरट. 'तुवरी' हे नाव तुरीलाही आहे आणि तुरटीच्या मातीलाही, आणि रसशास्त्रात त्या तुरटीचं दुसरं नाव 'सौराष्ट्री', कारण ती सौराष्ट्रातून येई. गुजराती 'तूरुं' म्हणते, आपण 'तुरट'. म्हणजे ज्या प्रदेशात आज बसून मी हे लिहितो आहे त्याच्या शेजाऱ्याचं नाव या चवीला चिकटलेलं आहे. आयुर्वेदाने तिला कषाय म्हणून सहा रसांत बसवलं. आजचं शास्त्र म्हणतं की ही जिभेची चव नव्हे, स्पर्श आहे: फळातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं, खरबरीत वाटतं. स्पर्श असो की रस, तो मोजावा लागतो. साखरेने तुरटपणा दबतो, लिंबाने उलट उठून दिसतो. स्लो जिनमध्ये लिंबू ओतणाऱ्याचं गणित इथे चुकतं.

सहा रसांच्या यादीत आणखी एक गंमत दडली आहे. संस्कृतात 'कटु' म्हणजे मिरीसारखं झणझणीत, आणि कारल्यासारखं ते 'तिक्त'. मराठीने कटुचं 'कडू' करून ते कारल्याला दिलं, आणि झणझणीतासाठी 'तीक्ष्ण'वरून 'तिखट' आणलं. जुना वैद्यकीय ग्रंथ वाचून कुणी कटु म्हणून कारलं घालील, तर दोष त्याचा नाही.

आता भाच्याचा प्रश्न. बमरोलीत कायद्यात राहून, जिनशिवाय, तोच तोल कसा साधायचा? अर्धा किलो पिकलेली काळी करवंदं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवावीत, म्हणजे चीक सुटतो. मग दोन-तीनदा धुऊन, बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजवावीत आणि गाळावीत. बी चाळणीत राहील, साल थोडी चोळून घ्यावी, कारण तुरटपणा आणि रंग सालीतच. गाळलेल्या रसाला वजनाने पाऊण पट साखर, आणि उकळताना कुटलेले हाऊबेराचे चार-पाच दाणे, नंतर काढून टाकायचे. एवढ्यावर जिनचा वास येतो, जिन येत नाही. पाकाला चिकटपणा आला की उतरवावा.

पेल्यात बर्फावर ५० मिली पाक, १५ मिली लिंबाचा रस, १५० मिली साधा सोडा, चिमूटभर सैंधव. करवंदात स्वतःचा आंबटपणा असतो, म्हणून लिंबू स्लो जिनच्या फिझपेक्षा कमी. फळं फार पिकलेली असतील तर तुरटपणा हरवतो. तेव्हा दोन चमचे गार, कोरा काळा चहा घालावा. चहा हा पंचातला पाचवा जिन्नस म्हणून अनेकदा वापरला गेला आहे, आणि त्यातलं टॅनिन तेच काम करतं. बार्बाडोसच्या रम पंचाचं प्रमाण आंबट एक, गोड दोन, कडक तीन, पातळ चार असं सांगतात. आपल्या पेल्यातून कडक तीन वजा झाले आहेत, त्यांची भरपाई करणारा जिन्नस म्हणजे तुरट. माझ्या मते तो या पेयात लिंबापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि दुकानातलं करवंद सरबत बेचव लागतं ते साखरेने तोच मारलेला असतो म्हणून.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी आणि परवाना असलेल्यांनी या पाकात ३० मिली जिन घालून सोडा तेवढाच कमी करावा. चव बिघडणार नाही. नाव काय द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. 'करवंद पंच' म्हटलं तर फ्रायर खूश होईल: करवंद, साखर, लिंबू, पाणी, मसाला, मोजून पाच.

इंग्लंडात स्लो पहिलं दव गोठल्यावर तोडायची रीत आहे. करवंदाचं उलट आहे: एकदा पाऊस लागला की त्यात अळ्या पडतात. तेव्हा करायचं असेल तर मे महिना संपायच्या आत फळं आणा.